कार्ड सायलेंट घ्या, पण तो प्रीमियमचा मेसेज आधी नीट वाचा

सांगलीच्या गावभागातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ३८, कुपवाड एमआयडीसीत नोकरी, हातात ३४ हजार पगार, घरी बायको, सात वर्षांची मुलगी आणि कारखान्यातून रिटायर झालेले वडील. टीव्हीखालच्या शोकेसमध्ये जुना आठव्या पिढीचा आय-फाइव्ह पीसी ठेवून त्याचं होम थिएटर केलंय, टीव्ही ५५ इंची फोर-के. पिक्चरमध्ये शांत सीन आला की पंख्याची घरघर ऐकू येते म्हणून सायलेंट ग्राफिक्स कार्ड घ्यायचंय. बिनपंख्याचं जीटी १०३० घेऊ की १९ हजारांचं आरटीएक्स ३०५० सहा जीबी नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ, असा प्रश्न. पैसे कुठून, तर वडिलांच्या पैशातून काढलेल्या पॉलिसीचा दरवर्षी १२ हजार कॅश बोनस येणार आहे त्यातून. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ: "पॉलिसीचा दोन लाख प्रीमियम ड्यू असा मेसेज आलाय, पण आम्ही एकरकमी भरलंय त्यामुळे सिस्टिमची चूक असणार."

अहो, ही चूक सिस्टिमची नाही. त्यावर येतो, आधी कार्डाचं उरकतो.

तुमच्या पीसीत कार्ड नाहीच आहे, मग घरघर कार्डाची कशी असेल? ती प्रोसेसरवरच्या पंख्याची नाहीतर पॉवर सप्लायची. नवं कार्ड बसवून आवाज जाणार नाही. पाठीमागून बंद असलेल्या शोकेसमध्ये, सांगलीच्या एप्रिलमध्ये, पाच-सात वर्षांची धूळ खाल्लेला पंखा ओरडणारच. उघडून साफ करा, थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) बदला, शोकेसची मागची फळी काढा, फार तर एक मोठा १२० एमएमचा सावकाश फिरणारा पंखा टाका. सगळं दीड-दोन हजारात होतं. बिनपंख्याचं कार्ड म्हणजे जादू नव्हे, त्याची उष्णता केसमधली हवाच बाहेर नेते, हवा कोंडली की तुमचे बाकीचे पंखे आणखी जोरात फिरणार.

दुसरं, एक पिक्चर लावा आणि टास्क मॅनेजर उघडून जीपीयूमध्ये 'व्हिडिओ डिकोड'चा आलेख हलतोय का बघा. हलत असेल तर काम प्रोसेसरमधलं ग्राफिक्सच करतंय, एचईव्हीसी टेन-बिट (फोर-के पिक्चरचा नेहमीचा व्हिडिओ फॉरमॅट) त्याला आरामात जमतं. जमत नाही तो एव्ही-वन हा नवा फॉरमॅट, आणि त्या काळच्या बोर्डांचं एचडीएमआय बहुतेक जुनं १.४, म्हणजे फोर-के ३० हर्ट्झपर्यंतच (सेकंदाला ३० चित्रं) आणि एचडीआर (जास्त खुलणारे उजेड-रंग) नाही. पिक्चर २४ फ्रेमचे असतात त्यामुळे तीसचं फारसं अडत नाही. एचडीआर पाहिजेच असेल तर कार्ड घ्या, पण मग जीटी १०३० नको, त्याला एव्ही-वन येत नाही. ३०५० चांगलं आहे, ७० वॉटचं, वेगळी पॉवर केबल लागत नाही, आणि ज्या मॉडेलचा पंखा कमी लोडला पूर्ण थांबतो तेच घ्या. मात्र रोख घ्या. नो-कॉस्टमध्ये व्याज डिस्काउंटमधून वळतं करतात पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी तुमच्याच माथी, चार-पाचशे जातात. आणि रोख जमेपर्यंत पिक्चर टीव्हीच्या यूएसबीला लावून बघा की, तिथे पंखाच नाही.

आता पॉलिसी. तुम्ही पाठवलेल्या कागदावर स्पष्ट आहे: वर्षाला २ लाख, भरायचे ७ वर्षं, मुदत १२ वर्षं, शेवटी १८ लाख. वडिलांच्या ९ लाखांच्या एफडीतून बँकेतल्या ओळखीच्या साहेबांनी मार्च २०२५ मध्ये दोन लाख काढून तुमच्या नावाने ही पॉलिसी काढली, कारण वडिलांच्या वयाला ती बसत नव्हती. मार्च म्हणजे टार्गेटचा महिना, आणि हे लोक म्हाताऱ्या माणसाची एफडी मोडतात तेव्हा त्यांना लाज कशी वाटत नाही हे मला अजून कळलेलं नाही.

एकूण १४ लाख भरायचे. दोन गेले, बारा उरले. एफडीत आहेत सात. म्हणजे अजून तीन हप्ते, मग वडिलांच्या एफडीत जेमतेम एक लाख आणि तरी तीन हप्ते बाकी, ते ३४ हजारांच्या पगारातून भरणार? आणि तो १२ हजारांचा 'बोनस' म्हणजे व्याज नव्हे हो, दरवर्षी दोन लाख दिल्यावर त्यातलेच बारा परत मिळतात, हप्ते थांबले की तेही थांबतात. तेव्हा हेच दोन लाख वडिलांच्या नावाने पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले असते तर ८.२ टक्क्यांनी वर्षाला १६,४०० आले असते, तिमाहीला ४,१००, आणि पाच वर्षांनी मुद्दल जसंच्या तसं हातात.

"आता दोन लाख भरलेच आहेत तर पुढे चालू ठेवू" असं घरी कुणीतरी म्हणणारच. हिशोब करा. सगळे हप्ते भरले, बोनसही धरला, तर परतावा साधारण चार टक्के. उलट पहिले दोन लाख कृष्णेत गेले असं समजून उरलेले बारा त्याच वेळापत्रकाने सात टक्क्यांवर ठेवले (टॅक्स बाजूला ठेवू) तर बाराव्या वर्षी २१ लाखांच्या वर. पॉलिसी बोनसच्या व्याजासकट विसाच्या आसपास. बारा लाख तुमच्याकडे नाहीतच, ती गोष्ट वेगळी.

आणि गावभागात राहता तुम्ही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांपुढे गेलं तेव्हा घर रिकामं करायला, परत उभं करायला पैसे लागले असतीलच, २०२१ ला पुन्हा तेच. ती एफडी त्यासाठी आहे.

तेव्हा दुसरा हप्ता भरू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांचा ग्रेस (तारखेनंतरची सवलत) असतो, तेवढ्यात कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडली तर परत किती मिळतील, ते लेखी मागा. ऑक्टोबर २०२४ नंतरच्या पॉलिसीला, एक वर्षाचा पूर्ण हप्ता भरून पहिलं वर्ष संपलं की विशेष सरेंडर व्हॅल्यू मिळते. दोन लाखांपेक्षा बरीच कमी येईल, तयारी ठेवा. सरेंडरवर सही मात्र लगेच करू नका, आधी तक्रार. प्रपोजल फॉर्मची (पॉलिसीसाठी भरलेल्या अर्जाची) कॉपी मागवा आणि उत्पन्नाचा रकाना बघा. चार लाखांच्या पगाराला तिथे नऊ-दहा लाख लिहिलेले असले तर तो तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. पॉलिसी देताना कंपनीने केलेल्या व्हेरिफिकेशन कॉलचं रेकॉर्डिंगही मागा. साहेब शेजारी बसून "सगळ्याला हो म्हणा" म्हणाले असतील तर त्यात तुम्ही सात वर्षांच्या हप्त्याला हो म्हटलेलं असेल, तिथे केस कच्ची होते, हे आधीच सांगतो. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल, सोबत विमा तक्रारींच्या 'बीमा भरोसा' या सरकारी पोर्टलवर नोंद. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा, तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

पॉलिसी गेली की तुमच्या डोक्यावर कव्हर नाही, तेव्हा पन्नास लाखांचा साधा टर्म प्लॅन (फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा विमा) लगेच घ्या, कॅशबॅक, रिटर्न ऑफ प्रीमियम वगैरे काही न जोडता.

पण हे सगळं करायच्या आधी, उद्याच, वडिलांना घेऊन बँकेत जा आणि त्यांच्या खात्यावर या प्रीमियमचा ऑटो-डेबिट लावलाय का ते विचारा. असेल तर तिथेच रद्द करून पोच घ्या. खात्याला एफडी जोडलेली असली तर डेबिटच्या दिवशी ती आपोआप मोडून दोन लाख जातील, आणि कळवायला पुन्हा मेसेजच येईल.