१३ वर्षांच्या मुलाचा गुडघा दुखतो, गुडघ्याचा एक्स-रे नॉर्मल आला. आता एमआरआय करावा का?

एमआरआयचं नंतर बघा, आधी खुब्याचा एक्स-रे काढा. खानापूरहून बेळगावला तीन खेपा झाल्या, महिनाभर लेप लावला, तरी पोरगा पाऊल बाहेर वळवून लंगडतोय, असं तुम्ही लिहिलंय. वाचून चीड आली, कारण कुणी त्याचा खुबा तपासलेला दिसत नाही. उताणा झोपवून गुडघा हळूच छातीकडे नेताना पाय आपोआप बाहेर वळला, तर दुखणं खुब्यातलं समजा. खुब्याला आणि गुडघ्याला जाणारी एक नस सामाईक आहे, म्हणून कळ खाली उतरते.

१० ते १६ वयात, त्यातही अंगानं भरलेल्या पोरांत, मांडीच्या हाडाचं खुब्यातलं डोकं वाढीच्या कूर्चेवर (हाड वाढतं त्या मऊ थरावर) घसरू शकतं. चिठ्ठीवर 'दोन्ही खुबे, एपी आणि फ्रॉग लॅटरल' असंच लिहून घ्या. चिठ्ठीत गुडघा असेल तर गुडघ्याचाच फोटो निघणार. एपी समोरून, पावलं साधारण १५ अंश आत वळवून. लॅटरल म्हणजे बाजूनं, आणि फ्रॉग म्हणजे बेडकासारखे गुडघे दुमडून बाहेर पाडलेले.

'समोरचा एकच फोटो पुरे, दुसऱ्याचे पैसे कशाला' हे मला कधीच पटलेलं नाही. डोकं मुख्यतः मागच्या बाजूला घसरतं. सुरुवातीला समोरून काय दिसणार? एपी फिल्मवर हाडाच्या मानेच्या (डोक्याखालच्या निमुळत्या भागाच्या) वरच्या कडेला पट्टी लावून रेघ पुढे ओढा. तिनं डोक्याचा थोडा भाग कापायला हवा. नुसती चाटून गेली किंवा दुखऱ्या बाजूला कमी कापलं, तर संशय धरा. कूर्चेची फट रुंद, कडा पुसट झाली असेल तरीही. रेघ बरोबर आली म्हणून सोडू नका, फ्रॉग बघाच. घसरण किती, ते लॅटरलवर कोन मोजून ठरतं: ३० अंशांच्या आत सौम्य, ५० च्या वर गंभीर.

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं. कुबड्या घेऊनही पाऊल टाकता येत नसेल तर फ्रॉग अजिबात नको. पाय फाकवताना डोकं आणखी घसरतं, त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. तेव्हा दुखरा पाय न हलवता आडवा किरण टाकून लॅटरल काढतात. अशा पोराला वडापच्या जीपमध्ये बसवून आणू नका, झोपवून आणा.

दोन्ही फिल्म स्वच्छ आणि कळ तशीच, तर मग एमआरआय. घसरलेलं दिसलं तर त्याच क्षणापासून पाय टेकवणं बंद, ऑपरेशन करून स्क्रू घालेपर्यंत. दुसरा खुबाही पुढे घसरू शकतो, म्हणून या फिल्म जपून ठेवा. पुढच्या वेळी ताडून बघायला लागतील.