सिगारेट सोडून नऊ दिवस झालेत. सगळे 'शाब्बास' म्हणतात, पण तल्लफ आली की त्या शाब्बासकीचा काही उपयोग होत नाही. काय करावं?

नवव्या दिवशी तुम्ही हे लिहिताय, म्हणजे सगळ्यात वाईट पट्टा मागे पडलाय. निकोटिन तुटल्याचा त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतो, पहिला आठवडा अंगावर येतो, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत तो ओसरत जातो. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुमच्या प्रश्नात 'आता जन्मभर हे असंच का' अशी धास्ती दिसतेय.

तुम्ही लिहिलंय की बायको रोज रात्री कॅलेंडरवर फुली मारते, मित्र फोनवर अंगठे पाठवतात, आणि तरी साडेनऊला जेवण झालं की जीव कासावीस होतो. अशा वेळी या कौतुकाचा उलट रागच येतो. मलाही यायचा. शाब्बास म्हणणारी माणसं निकालाच्या दिवशी येतात. पेपर चालू असताना बाकावर आपण एकटेच.

मी सतरा वर्षं ओढली, शेवटी-शेवटी दिवसाला पंधरा-सोळा. सोडायचे तीन प्रयत्न फसले, चौथा टिकला (मधलं अकरा दिवसांचं एक भगदाड सोडून, त्याबद्दल पुढे लिहितो). त्याला आता सहा वर्षं झाली. चौथ्या वेळी निश्चय जास्त पक्का होता म्हणावं तर तसंही नाही. पक्का होता तो तिसऱ्या वेळी. तेव्हा मी लायटर आणि अ‍ॅशट्रे घरातल्या सगळ्यांना साक्षीला ठेवून फेकून दिले होते. चौथ्या वेळी सोबत एक माणूस होता, एवढाच फरक.

ऑफिसात जिन्याच्या वळणावर आम्ही ओढणारे चार-पाच जण जमायचो. त्यातले एक माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना दादा म्हणायचे. त्यांना डॉक्टरांनी दम भरला होता, मला माझ्याच खोकल्यानं. दोघांनी एकाच सोमवारी सोडली. आमचं ठरलं ते असं: कुणी कुणाला शाब्बास म्हणायचं नाही, उपदेश तर मुळीच करायचा नाही. तल्लफ आली की दुसऱ्याला एका शब्दाचा मेसेज टाकायचा, 'आली'. त्यानं उत्तर द्यायचं, 'घड्याळ बघ'. ओसरली की 'गेली' लिहायचं आणि किती मिनिटं लागली तो आकडा. बस.

या वेळा मी एका वहीतही टिपायचो, ती वही अजून आहे. तिसऱ्या दिवसाचं पान असं आहे: ८.१० आली, ८.१५ गेली. ९.०५ आली, ९.१२ गेली. ११.४० आली, आणि इथे पेन इतकं दाबलंय की मागच्या पानावर वळ उठलेत, ११.४६ गेली. त्या दिवशी एकूण २३ वेळा. पण त्या २३ मधली एकही दहा मिनिटांच्या वर गेली नव्हती. पहिल्या महिन्यातली सगळ्यात लांबलेली १९ मिनिटांची, तीही भावाशी फोनवर जुंपली होती तेव्हाची.

हे आकडे लिहीपर्यंत मला कुणी विचारलं असतं, तर मी शपथेवर सांगितलं असतं की तल्लफ तास-दोन तास टिकते. टिकत नाही. येते, चढते आणि आपण काहीही केलं नाही तरी काही मिनिटांत उतरते. ती एवढी लांब का वाटते, याचा माझ्यापुरता मी लावलेला हिशेब असा: झुरका मारला की निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं. म्हणजे सतरा वर्षं माझ्या मेंदूला सवय काय, तर जरा अस्वस्थ वाटलं की वीस सेकंदांत इलाज हजर. अशा लाडावलेल्या पोराला पाच मिनिटं थांब म्हटलं की ते जमिनीवर लोळण घेणारच.

अ‍ॅलन मार्लाट नावाचे एक अमेरिकी मानसशास्त्रज्ञ होते. ते सांगत की तल्लफेशी कुस्ती खेळू नका, ती लाट समजा आणि तिच्यावर तरंगत राहा. ऐकायला छान, पण तरंगायचं म्हणजे करायचं काय, हे मला बरेच दिवस कळेना. शेवटी मी तल्लफ अंगात नेमकी कुठे आहे ते शोधायला लागलो. माझी घशात असायची, जबड्याच्या जरा खाली, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांत. तिथे लक्ष ठेवलं की ती घट्ट होताना जाणवायची आणि मग सैल होतानाही. दादांना हा प्रकार बिलकूल पटला नाही. ते सरळ चार मजले खाली उतरून परत वर यायचे आणि धापा टाकत 'गेली' लिहायचे. दोन्ही चालतं.

आता तुमची साडेनऊची तल्लफ. निकोटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं, त्यामुळे नऊ दिवसांनी तुमच्या रक्तात ते उरलेलंच नाही. मेंदू सावरायला अजून थोडे आठवडे घेईल, पण रोज ठरल्या वेळी साडेनऊला जे उठतं ते मुख्यतः सवयीचं आहे: ताट, हात धुणं, बाल्कनी, लायटर, ही साखळी. तिची एक कडी बदला. दादांनी जेवण झाल्या-झाल्या घरातली सगळी भांडी घासायला सुरुवात केली. 'दोन्ही हात ओले असले की सिगारेट धरता येत नाही रे,' म्हणायचे. त्यांच्या बायकोला आधी संशय आला, मग सवय झाली. तुम्ही उठून दात घासा, बसायची जागा बदला, बाल्कनीचं दार महिनाभर बंद ठेवा. काहीही चालेल, फक्त साखळी जशीच्या तशी चालू ठेवू नका.

चहा-कॉफीबद्दल मला कुणीच सावध केलं नव्हतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पाचव्या दिवशी माझे हात थरथरायला लागले, छातीत धडधड, रात्री तीनपर्यंत डोळा नाही. मला वाटलं सिगारेट सोडल्यानंच हे होतंय, आणि एक ओढली की सगळं शांत होईल. कारण वेगळंच निघालं. सिगारेटच्या धुरातले काही घटक यकृताला कॅफीन भराभर मोडायला लावतात. हे काम निकोटिनचं नाही, धुराचं. धूर थांबला की यकृताचा तो वेग खाली येतो आणि तेवढ्याच कपांमधलं कॅफीन अंगात कितीतरी जास्त वेळ राहतं. मी दिवसाला सहा कप पीत होतो. तीनावर आणले, दुपारनंतर बंद केले, दोन रात्रींत झोप आली. तुम्ही चिडचिड आणि झोपमोड होते असं लिहिलंय, म्हणून आधी कप मोजा.

औषधांचं थोडक्यात. निकोटिनच्या गोळीचं, म्हणजे गमचं, तुम्ही नाव काढलं नाहीत. ते कमीपणाचं वाटतं म्हणून की माहीत नाही म्हणून, कल्पना नाही. दादांना ते कमीपणाचंच वाटायचं. 'मग सोडलीस कशाला, गमचं व्यसन लावून घ्यायला?' असं त्यांनी मला ऐकवलं होतं, आणि या बाबतीत ते साफ चूक होते. गममधून निकोटिन सावकाश मिळतं आणि धूर शून्य. मी ते पहिल्यांदा साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावलं आणि अर्धा तास उचक्या देत बसलो. चावायचं ते जिभेला चुरचुर लागेपर्यंत, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा थोडं चावायचं. त्याआधी पंधरा मिनिटं कॉफी किंवा फळाचा रस नको, नाहीतर तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही. गोळी २ आणि ४ मिलिग्रॅमची येते. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर सहसा ४ ची देतात. त्वचेवर लावायचा निकोटिनचा पॅच आणि मधूनमधून गम, असं दोन्ही एकत्र वापरणाऱ्यांना एकट्या पॅचपेक्षा किंवा एकट्या गमपेक्षा जास्त यश येतं. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांना विचारून. आणि मन फारच खचलेलं असेल, पंधरा दिवसांनीही वर येत नसेल, तर तिथेही डॉक्टरच.

जाता जाता: या गमची कल्पना स्वीडनमध्ये निघाली, १९६७ च्या सुमाराला. पाणबुडीत सिगारेट पेटवायची बंदी, म्हणून तिथले खलाशी तंबाखू चघळून भागवायचे. ते एका संशोधकानं पाहिलं आणि औषध कंपनीतल्या आपल्या मित्राला कळवलं. चार भिंतींत कोंडलेल्या आणि तल्लफेनं हैराण झालेल्या माणसांवरून हे औषध सुचलं, हे कळल्यावर मला ते एकदम आपलंसं वाटलं.

तुमचा मूळ प्रश्न मात्र माणसांचा आहे. २००८ मध्ये निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर या संशोधकांनी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथल्या १२,०६७ लोकांची तीसेक वर्षांची माहिती तपासली. नवरा-बायकोपैकी एकानं सोडली, तर दुसऱ्यानं ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली होती. मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. टोळकीच्या टोळकी एका वेळी सुटत होती. आमच्या जिन्यावरही थोडंफार तसंच झालं. आम्ही दोघांनी सोडल्यावर वर्षभरात तिसऱ्यानंही सोडली. तेव्हा अंगठे पाठवणाऱ्या मित्रांमध्ये कुणी स्वतः ओढणारा आहे का, आणि त्याला सोडायचीय का, ते आधी विचारा. तसा एक जण सापडला तर तो दहा अंगठ्यांना भारी आहे. बाकीच्यांना एवढंच सांगा की महिनाभर माझ्यासमोर पेटवू नका आणि 'घे रे एक' म्हणू नका.

आता ते अकरा दिवस. चौथा महिना चालू होता. एका लग्नात रात्री उशिरा कुणीतरी पाकीट पुढे केलं, मी अर्धी ओढली. चक्कर आली, चव घाण लागली. तिथेच थांबलो असतो. पण दुसऱ्या दिवशी घरी सगळ्यांनी 'चार महिने झाले!' म्हणून कौतुक मांडलं आणि मी गप्प बसलो. त्या टाळ्यांनंतर खरं सांगायचं कुठून? तिसऱ्या दिवशी आणखी एक. मार्लाट यांनी हेही नोंदवून ठेवलंय: घसरलेला माणूस 'आता मोडलंच, सगळं गेलं' असं मानतो आणि त्या मानण्यानंच पुरता बुडतो. मी 'कधीतरी एखादी' असा सौदाही स्वतःशी करून पाहिला. २०१८ मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो, त्यामुळे तो सौदा तसाही तोट्याचा होता. पण मी कधीच एखादीवर थांबलो नाही. आठव्या दिवशी चारवर होतो. मध्येच दादांचा 'आली' असा मेसेज आला, मी 'घड्याळ बघ' असं उत्तर दिलं, आणि माझ्या बोटांना धुराचा वास येत होता. इतकं चोरट्यासारखं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

अकराव्या दिवशी जिन्यात त्यांना गाठलं आणि सांगितलं. अरेरे नाही, असं कसं केलंस नाही. त्यांनी विचारलं, 'किती?' मी आकडा सांगितला. 'शेवटची कधी?' म्हटलं, सकाळी नवाला. त्यांनी मनगट वळवून घड्याळ पाहिलं. 'म्हणजे सहा तास झाले. लिही वहीत.'

त्या दिवसापासून मी ओढलेली नाही.

म्हणून तुमच्या बायकोबद्दल एक सुचवतो. त्यांची फुली बंद करू नका, त्यांना त्यातून धीर मिळत असेल. पण आज, सगळं नीट चालू असतानाच, त्यांना सांगून ठेवा: मी कधी घसरलो तर मला बोलू नका, रडू नका, फक्त 'शेवटची कधी ओढली?' एवढं विचारा. हे बोलणं घसरल्यावर जमत नाही, आधीच करून ठेवावं लागतं. आणि तुमच्या चिडचिडीचा रोख त्यांच्यावर नाही हेही सांगा. नऊ दिवस त्या ते निमूटपणे सोसतायत.

आज रात्री आली की वेळ लिहा, गेली की तीही लिहा. किती मिनिटं भरली तो आकडा मला कळवा.