पीओवर ‘डीओ-ए१’ असं लिहून आलं, तर हातातली सगळी कामं थांबवायची का?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेतल्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये ऑर्डर डेस्कवर नुकतेच लागलात, पीओच्या (परचेस ऑर्डर, म्हणजे गिऱ्हाइकाचा खरेदीचा कागद) कोपऱ्यात ‘डीओ-ए१’ असं आलंय आणि मालक म्हणतोय, चालू कामं उतरवा, आधी हे लावा. असं करावंच लागतं का?

ते तारखेवर ठरतं. मी ओहायोत हायड्रॉलिक फिटिंगच्या कारखान्यात नऊ वर्षं प्लॅनिंग केलं. पहिली रेटेड ऑर्डर (म्हणजे अशी सरकारी अग्रक्रमाची खूण असलेली ऑर्डर) आली तेव्हा आम्हीही घाबरलो आणि एका शेतीयंत्रांच्या गिऱ्हाइकाचा अर्धा झालेला जॉब लेथवरून उतरवला. सेटअप मोडला, दोन दिवस वाया गेले. मग कोणीतरी पीओ नीट वाचला, तर तारीख चौदा आठवड्यांनंतरची. नेहमीच्या रांगेत तो माल दहाव्या आठवड्यात असाही निघालाच असता. नियम एवढंच म्हणतो की मागितलेल्या तारखेला माल द्यायला गरज पडत असेल, तर बाकीच्यांना मागे सारा. गरज नसेल तर कोणालाही हलवू नका.

यामागचा कायदा १९५० चा, कोरियन युद्धाच्या वेळचा: डिफेन्स प्रॉडक्शन ॲक्ट. त्याखालची ‘डीपास’ नावाची नियमावली वाणिज्य खातं चालवतं. रेटिंग दोनच, डीओ आणि डीएक्स. डीओ साध्या ऑर्डरच्या पुढे, डीएक्स डीओच्याही पुढे. डीएक्स क्वचित दिसतो, कारण तो वरून, संरक्षण मंत्रालयाच्या पातळीवर मंजूर व्हावा लागतो. २००७ मध्ये इराकमधल्या सुरुंगरोधक एमरॅप गाड्यांना तो मिळाला होता. पुढचं ‘ए१’ म्हणजे विमानं, ए२ क्षेपणास्त्रं, ए३ जहाजं. आणि ए१ हे ए३ पेक्षा वरचं नाही हं! माल कोणत्या संरक्षण कार्यक्रमासाठी हवाय, त्याचा तो नुसता शिक्का आहे. सगळे डीओ सारखेच.

आता तुमचा पीओ हातात घ्या. त्यावर चार गोष्टी हव्यात: रेटिंग, डिलिव्हरीची ठरावीक तारीख, अधिकृत माणसाची सही (डिजिटल चालते) आणि ‘ही राष्ट्रीय संरक्षणासाठीची रेटेड ऑर्डर आहे, नियमावली पाळणं तुम्हाला बंधनकारक आहे’ अशा अर्थाचं ठरलेलं वाक्य. यातलं एक जरी नसेल तरी ती रेटेड ऑर्डर होत नाही. आमच्याकडे एका मोठ्या गिऱ्हाइकाचा बायर तारखेच्या रकान्यात कायम ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ लिहायचा. नियमावलीत स्पष्ट लिहिलंय की ‘ताबडतोब’ किंवा ‘लवकरात लवकर’ ही तारीख नव्हे. मी प्रत्येक वेळी पीओ परत पाठवायचो, तो प्रत्येक वेळी चिडायचा, आणि दोन तासांत तारीख यायची.

स्वीकारतो की नाकारतो हे लेखी कळवायला डीओसाठी १५ कामाचे दिवस, डीएक्ससाठी १०. तुम्ही नेहमी विकता तो माल असेल आणि गिऱ्हाईक तुमच्या नेहमीच्या अटींवर घेत असेल, तर साधारणपणे नाही म्हणता येत नाही. सरकारी काम आहे म्हणून भावही चढवता येत नाही. पण नवे लोक इथे एक गोष्ट हमखास उलटी समजतात. मागितलेल्या तारखेला जमणारच नसेल, तर ऑर्डर नाकारणं हे तुमचं कर्तव्य आहे. नाकारताना लवकरात लवकर कोणती तारीख जमेल ते सांगायचं आणि त्या तारखेला घेतो म्हणून कळवायचं. आधी घेतलेल्या डीओला धक्का लागत असेल तरी नवी डीओ त्या तारखेला घ्यायची नाही. साहेबांना वाईट वाटेल म्हणून ‘हो’ म्हणून ठेवणं यातच माणसं अडकतात. घेतल्यानंतर उशीर होणार असं दिसलं, तर लगेच कळवा.

घेतलेल्या दोन डीओ एकमेकींच्या आड आल्या, तर जिची डिलिव्हरीची तारीख आधी ती पुढे. दोघींची तारीख एकच असेल, तरच कोणती आधी आली ते पाहायचं.

रेटिंग तुमच्यापाशी थांबत नाही. फोर्जिंगवाला, प्लेटिंगवाला, बार स्टॉकवाला यांना दिलेल्या पीओवरही ते जातं, त्याच चार गोष्टींसकट. (लहान रकमेच्या ऑर्डरवर घालायची सक्ती नाही.) आमचं घोडं दर वेळी प्लेटिंगपाशी अडायचं, कारण आमची खरेदीवाली पोरं रेटिंग टाकायला विसरायची आणि प्लेटिंगवाला बिचारा आमचा ट्रे साध्या रांगेत ठेवायचा. त्याची काय चूक? मात्र गरज ५०० नगांची असताना त्याच रेटिंगवर ८०० मागवून शेल्फ भरणं हा सरळ गैरवापर आहे. मुद्दाम नियम मोडल्यास १०,००० डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही. उलट बाजूने, नियम पाळताना दुसऱ्या गिऱ्हाइकाला उशीर झाला, तर त्याच्या भरपाईच्या दाव्यापासून कायदा तुम्हाला संरक्षण देतो. त्याला तेवढा फोन मात्र आधी करा.

प्रयत्न करूनही कच्चा माल मिळत नसेल, तर ‘बीआयएस-९९९’ हा फॉर्म आहे. सरकार मध्ये पडून मदत करतं.

पुण्यातल्या सप्लायरला असा पीओ आला तर? अमेरिकेबाहेर या रेटिंगला कायद्याचं बळ नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये भारत-अमेरिकेत ‘सोसा’ करार झाला, तोही बंधनकारक नाही. एकमेकांच्या ऑर्डरना अग्रक्रम देऊ एवढीच समजूत आहे. पण या कायद्याची झळ पुण्याला आधीच बसलीय. १६ एप्रिल २०२१ ला सीरमच्या अदर पूनावालांनी थेट अमेरिकी राष्ट्राध्यक्षांना ट्वीट केलं होतं, आठवत असेल. सगळे त्याला निर्यातबंदी म्हणत होते. अडचण बरीचशी रेटिंगची होती: अमेरिकी लशींच्या रेटेड ऑर्डरमुळे लस बनवायला लागणाऱ्या फिल्टर आणि बॅगांच्या रांगेत बाकीचे मागे पडले. जूनमध्ये ॲस्ट्राझेनेका, नोव्हावॅक्स आणि सनोफीच्या लशींवरचं रेटिंग काढलं गेलं. ज्यांना मागे सारतो ते कोण असतात, हे तेव्हा मला रांगेच्या दुसऱ्या टोकाकडून दिसलं.

तर मशीन थांबवायच्या आधी मालकाला पीओवरची तारीख दाखवा. कागद तीन वर्षं जपून ठेवा. आणि ते १५ दिवस पीओ आला त्या दिवसापासून मोजतात, तुम्ही ईमेल उघडला त्या दिवसापासून नाही.