एचआरच्या कानावर घातलं म्हणजे तक्रार झाली नाही

प्रश्न : नाशिकजवळच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मी कंत्राटी कामाला आहे. ११ जानेवारीला विभागप्रमुखांनी स्टोअरमध्ये माझ्या कमरेला हात लावला. त्यानंतर २६ फेब्रुवारीपर्यंत रात्री घाणेरडे मेसेज यायचे. किळस येऊन बरेचसे मी डिलीट केले. ३ मार्चला एचआरला तोंडी सांगितलं, ते 'बघतो' म्हणाले. मे महिन्यात मलाच डिस्पॅचच्या सेकंड शिफ्टला टाकलं. आता सगळे म्हणतात, तीन महिन्यांची मुदत गेली. पण शिफ्ट बदलली तोही छळच ना? मुदत तिथून धरता येईल का? (२२ जून)

उत्तर : तुम्ही लिहिलंय ते लैंगिक छळात बसतं, आणि कंत्राटी असलात तरी कामाच्या ठिकाणचा महिलांचा लैंगिक छळ रोखणारा २०१३ चा कायदा तुम्हाला लागू आहे. प्रश्न फक्त त्यातल्या कलम ९ चा, म्हणजे तक्रारीच्या मुदतीचा आहे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींसाठी मालकाने नेमलेल्या समितीकडे, लेखी तक्रार हवी. एचआर म्हणजे समिती नव्हे, आणि तोंडी सांगणं म्हणजे तक्रार नव्हे. ३ मार्चलाच समितीला चार ओळींचा ईमेल टाकला असता, तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं.

शिफ्टच्या आधारावर मुदत मोजायचा मोह सोडा. पश्चिम बंगालमधल्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणात हाच युक्तिवाद झाला होता. शेवटची घटना एप्रिल २०२३ ची, तक्रार डिसेंबरची. मधल्या काळात तक्रारदार बाईंना पदावरून काढलं तेही छळातच धरा, असं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १२ सप्टेंबर २०२५ ला ते मान्य केलं नाही. प्रशासकीय निर्णय वेगळे, असं ठरलं आणि तक्रार मुदतबाह्य झाली. तुमची शिफ्ट त्याच विभागप्रमुखांच्या सहीने बदलली असेल तर थोडा फरक पडू शकेल, पण त्यावर सगळा भार टाकू नका.

म्हणजे २६ फेब्रुवारी हीच तारीख धरून चाला. पहिले तीन महिने २५ मेलाच संपले असं समजा. समितीला आणखी तीनच महिने वाढवून देता येतात, म्हणून २५ ऑगस्ट हा शेवटचा दिवस समजा. त्यानंतर समितीची इच्छा असली तरी तिला अधिकार नाही. ही वाढ आपोआपही मिळत नाही. तक्रारीसोबत विलंबमाफीचा वेगळा अर्ज द्या. त्यात 'भीती वाटत होती' एवढंच लिहिलंत तर तो टिकणं कठीण. ३ मार्चला कोणाला, कुठे, काय सांगितलं. कंत्राटाचं नूतनीकरण कधी होतं आणि ते कोणाच्या हातात होतं. डॉक्टरकडे गेला असाल तर त्याचे कागद, हे सगळं तारखेनिशी लिहा. मुदतवाढ देताना समितीला कारणं लेखी नोंदवावी लागतात. ती तिला तुमच्याच अर्जातून उचलता आली पाहिजेत.

तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे आणि साक्षीदारांची नावं-पत्ते जोडा. समितीच्या अध्यक्षांकडे द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. घेत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट आणि ईमेल करा. उरलेले मेसेज ज्या फोनवर आहेत तो रिसेट करू नका, विकू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर समोरचा वकील पहिला हल्ला करतो. समिती नेमल्याचा आदेश दर्शनी भागात लावणं मालकावर बंधनकारक आहे. तो कुठेच दिसत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात स्थानिक समितीची, म्हणजे जिल्ह्याच्या समितीची, चौकशी करा. मात्र ती मुख्यतः दहापेक्षा कमी कामगारांच्या ठिकाणांसाठी असते, म्हणून दहा किंवा अधिक कामगार असतील तर ती तुमची तक्रार घेईलच असं सांगता येत नाही.

दोन गोष्टी टाळा. 'साहेब माफी मागतील, मिटवून टाका' असं सुचवतील. समेट फक्त तुमच्या विनंतीवरून होतो, त्यात पैसे चालत नाहीत, आणि एकदा झाला की चौकशी बंद. दुसरं, राजीनामा देऊ नका. चौकशी चालू असेपर्यंत बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा लेखी मागता येते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते, हे कागदावर. बाईचे नव्वद दिवस बोटांवर मोजले जातात, समितीचे कोणी मोजत नाही.

समितीची मुदत हुकली तरी पोलिसांची वाट उरते. मात्र भारतीय न्याय संहितेत नुसत्या अश्लील शेऱ्यांना एक वर्षापर्यंतच शिक्षा आहे, म्हणून न्यायालयाने दखल घेण्याची मुदतही एकच वर्ष. कमरेला हात लावल्याचा गुन्हा वेगळ्या कलमात जाऊ शकतो, तिथे इतकी घाई नसते. त्यामुळे पोलिसांना जबाब देताना ११ जानेवारीची घटना आधी सांगा, मेसेज नंतर.