ड्रायर गरम होत नाही, दोष सेन्सरचाच का?

पाऊस लागला की या सदरात ड्रायरचे प्रश्न यायला लागतात. या वेळी बहुतेकांचं गाऱ्हाणं एकच आहे, हीट होत नाही आणि मेकॅनिक आला की आधी सेन्सर बदला म्हणतो. म्हणून अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न – आमचा ८ किलोचा कंडेन्सर ड्रायर आहे. सुरुवातीला मस्त गरम होतो आणि मग नुसता थंड फिरत राहतो, कपडे दमटच निघतात. मेकॅनिक म्हणतो टेम्परेचर सेन्सर गेला, कदाचित पीसीबीपण (मशीनचा कंट्रोल बोर्ड). भाऊ, खर्च करू का थांबू? – एक भगिनी, भुसावळ

उत्तर – ताई, थांबा. सुरुवातीला गरम होतोय म्हणजे हीटरची कॉइल शाबूत आहे, पीसीबी तिला करंटही देतोय. मग मधेच हीट कोण तोडतंय? बहुतेक वेळा हीटरजवळचा थर्मोस्टॅट. आत हवा पुरेशी फिरली नाही की हीटरची उष्णता ड्रमपर्यंत पोचतच नाही, तिथल्या तिथे साचते, थर्मोस्टॅट तापतो आणि हीटर बंद करतो, गार झाला की परत चालू करतो, आणि आपल्याला बाहेरून वाटतं हीट गेली. खरं तर हीटरपाशी गरजेपेक्षा जास्तच हीट झालेली असते.

म्हणून आधी हवेची वाट बघा. दारातली जाळी दर वेळी साफ करता का, हे तर आहेच, पण ती नळाखाली धरून बघा. पाणी आरपार न जाता जाळीवर थांबलं तर कपड्यांच्या कंडिशनरचा चिकट थर बसलाय, नुसतं हाताने लिंट (कपड्यांचे सुटलेले तंतू) काढून तो जात नाही, साबण आणि जुना मऊ ब्रश घ्या. मग प्लग काढून, मशीन गार झाल्यावर खालचं झाकण उघडा आणि कंडेन्सर, म्हणजे वाफेचं पाणी करणारा भाग, ओढून बाहेर काढा, त्याच्या फटींमधून धार सोडा, दोन्ही दिशांनी. आपल्याकडे उन्हाळाभर ड्रायर बंदच असतो, गच्चीवर कपडे बघता बघता वाळतात, पण तेवढ्या महिन्यांत वावटळीची सगळी धूळ त्याच्यात जाऊन बसते आणि पावसाळ्यात वर कापसाचं लिंट चढलं की त्याचा गच्च गोळा होतो. पाण्याच्या टाकीकडेही लक्ष द्या. पूर्वी एका लोडला जेवढं पाणी जमायचं त्यापेक्षा खूपच कमी जमत असेल तर कंडेन्सरचं काम नीट होत नाहीये.

अजून एक, ड्रायर ठेवलाय कुठे? गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत किंवा दार लावलेल्या बाथरूममध्ये असेल तर तिथून हलवा. कंडेन्सर खोलीतल्या हवेनेच गार होतो, आणि बऱ्याच कंपन्या मॅन्युअलमध्ये खोलीचं तापमान ३५ डिग्रीच्या आत ठेवायला सांगतात. पत्र्याखाली उकाडा असला की बिचारं मशीन काय करणार.

एवढं करूनही तसंच राहिलं तर मग सेन्सर मोजून घ्या, मोजल्याशिवाय बदलू नका. कसा मोजायचा ते पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न – मी आयटीआय करतोय. काकांच्या ड्रायरचा एनटीसी (तापमान ओळखणारा) सेन्सर मे महिन्यात मल्टीमीटरने मोजला, २५ डिग्रीला १० हजार ओहम पाहिजे असं शिकलो होतो, पण मला साडेचार हजारच आला. खराब आहे ना? – एक विद्यार्थी, अमळनेर

उत्तर – नाही रे भावा, उलट तो अगदी बरोबर सांगतोय! एनटीसीचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो. १० हजार हा आकडा २५ डिग्रीचा आहे आणि अमळनेरला मे महिन्यात दुपारी २५ डिग्री कुठून आणशील? ४५ डिग्रीला तोच सेन्सर साडेचार हजारांच्या आसपासच दाखवणार. पुस्तकातला आकडा आपल्या उन्हाळ्यात तसाच लावला तर चांगले सेन्सर कचऱ्यात जातील, म्हणून तुझा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला.

पक्कं करायचं असेल तर प्लग काढ, सेन्सरचा कनेक्टर बोर्डापासून सोडव (नाहीतर बोर्डाचा रेझिस्टन्स मधे येतो आणि आकडा चुकतो), सेन्सर पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आधी बर्फाच्या पाण्यात धर, साधारण २७ ते ३३ हजार यायला पाहिजे, मग ६० डिग्रीच्या गरम पाण्यात धर, अडीच-तीन हजारांपर्यंत उतरला पाहिजे. आकडा सावकाश, सलग उतरला तर सेन्सर चांगला. मधेच उडी मारली, किंवा मीटरने ओएल (मोजमापाबाहेर) दाखवलं, किंवा सरळ शून्य, तर बदल. सगळ्या मशीनमध्ये १० हजाराचाच असतो असं नाही, वेगळ्या किमतीचेही येतात, तेव्हा त्या मॉडेलची सर्व्हिस शीट आधी बघ. आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज आणि वायरला उंदराचे दात लागलेत का तेही बघ. सेन्सर चांगला आणि वायर तुटलेली, असं खूपदा निघतं.

प्रश्न – संध्याकाळी ड्रायर नुसता कोमट होतो, रात्री उशिरा लावला की कडक गरम. दोन मेकॅनिक येऊन गेले. – एक वाचक, रावेर तालुका

उत्तर – दादा, मशीन बहुतेक चांगलं आहे, व्होल्टेज बघा. केळीच्या पट्ट्यात मोटारी सुरू असल्या की काही फीडरवर व्होल्टेज पडतं हे तुम्हाला मी काय सांगू. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने कमी होते, म्हणजे २३० व्होल्टला २००० वॅट देणारी कॉइल १८० ला जेमतेम सव्वाबाराशे वॅट देते, जवळपास ४० टक्के हीट गायब आणि सेन्सरचा काही संबंधच नाही. ड्रायर चालू असताना, कोमट होतोय त्याच वेळी, सॉकेटवरचं व्होल्टेज वायरमनकडून मोजून घ्या. मीटरपाशी चांगलं आणि सॉकेटला कमी आलं तर घरातली वायर बारीक आहे किंवा जोड सैल आहे, ते आधी करा कारण सैल जोड तापतो. मीटरपाशीच कमी असेल तर वीज तक्रारीच्या १९१२ नंबरवर तक्रार नोंदवा. फ्रिजचा छोटा स्टॅबिलायझर याला अजिबात लावू नका, एवढा लोड त्याला झेपत नाही.

प्रश्न – ऑटो मोडवर जीन्स ओली असतानाच मशीन थांबतं, टायमरवर लावलं की नीट वाळते. – एक भगिनी, धुळे

उत्तर – ताई, हा टेम्परेचर सेन्सर नाही, ओलावा ओळखणाऱ्या पट्ट्या आहेत. ड्रमच्या तोंडाशी दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या दिसतील, त्यांच्यावर कंडिशनरचा आणि बोअरच्या पाण्यातल्या क्षारांचा थर बसला की त्यांना ओले कपडे कोरडे वाटतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसा, मग साध्या ओल्या फडक्याने. घासणी लावू नका. जीन्स आणि पातळ कुर्ते एकत्र टाकत असाल तर तेही वेगळे करा.

प्रश्न – हीट पूर्ण बंद झाली होती. मेकॅनिकने थर्मल फ्यूज काढून वायर डायरेक्ट जोडली, आता एकदम झकास चालतोय. असंच राहू दिलं तर चालेल का? – एक वाचक, शहादा

उत्तर – नाही चालणार भाऊ, आजपासूनच बंद करा. थर्मल फ्यूज एकदाच उडतो आणि तो उडतो म्हणजे आत धोक्याइतकी उष्णता झाली होती. तो काढल्यावर शेवटची अडवणूकच गेली, आता थर्मोस्टॅट चिकटला तर हीटर तापतच राहणार, आणि शेजारी लिंट, म्हणजे कापूसच. जिनिंगमध्ये एका ठिणगीने काय होतं हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको, इथे तर ते घरात, कदाचित पोरं झोपलेली असताना.

फ्यूज त्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपिअरचा घ्या, मॉडेल नंबर सांगून. पण तो बसवायच्या आधी मेकॅनिककडून लिंटची वाट, पंखा आणि थर्मोस्टॅट समोर उभं राहून तपासून घ्या, कारण पहिला ज्यामुळे उडाला ते तसंच राहिलं तर नवाही उडणार. थर्मोस्टॅट गार असताना मल्टीमीटरला बीप देतो, फक्त तो चिकटलेला असला तरीही बीप देतोच, म्हणून फ्यूज उडालेला असेल तर जोडीला थर्मोस्टॅटही नवाच टाका. तोपर्यंत ड्रायरचा प्लग काढून ठेवा आणि कपडे पंख्याखाली वाळवा.