वाचकांचे प्रश्न : भूकंप आणि नागपूरचे उड्डाणपूल

प्रश्न : ४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी तेलंगणातील मुलुगू भागात झालेल्या भूकंपाचा हादरा आम्हाला नागपुरातही जाणवला. तेव्हापासून वर्धा मार्गाच्या दुमजली पुलाखालून जाताना मनात येते, की उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो असा सारा भार एकेका खांबावर असताना मोठा धक्का बसला तर काय होईल? परदेशात असाच दुमजली पूल कोसळल्याचे ऐकले आहे. कृपया खुलासा करावा.
— एक वाचक, सोमलवाडा

उत्तर : आपण ऐकलेला पूल बहुधा अमेरिकेतील ओकलंडचा सायप्रेस मार्ग असावा. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी ६.९ तीव्रतेच्या भूकंपात त्याचा वरचा मजला खालच्या मजल्यावर बसला आणि ४२ माणसे दगावली. भूकंपाचे केंद्र तिथून सुमारे ९५ किलोमीटर दूर होते. मात्र केवळ दोन मजले असल्यामुळे तो पडला नाही. १९५७ साली वाहतुकीस खुल्या झालेल्या त्या पुलात वरचे खांब खालच्या चौकटीला जिथे जोडले होते, नेमक्या त्याच सांध्यात पोलाद अपुरे होते; शिवाय कोसळलेला भाग खाडीकाठच्या मऊ चिखलावर होता आणि अशा चिखलात हादरा वाढतो. घट्ट जमिनीवरचा भाग उभा राहिला.

एकेका खांबाविषयीची आपली शंका अधिक रास्त आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे येथे हानशिन द्रुतगती मार्गाचा सुमारे ६३५ मीटरचा सलग भाग आडवा झाला, आणि तोही एकखांबीच होता. चार खांबांच्या चौकटीत एक खांब दुबळा झाला तर भार इतरांकडे जाऊ शकतो. एकखांबी पुलाला ती सोय नाही. म्हणून तिथे सगळी मदार खांबातील रिंगांवर असते. उभ्या सळयांभोवतीच्या या रिंगा, विशेषतः खांबाच्या पायथ्याशी, जवळजवळ बांधाव्या लागतात आणि त्यांची टोके १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये रुतवावी लागतात. टोके नुसती काटकोनात वळवली, तर बाहेरचे काँक्रीट सुटताच रिंग उघडते, सळया फाकतात आणि खांब जागीच चिरडतो. कोबेचे खांब १९६० च्या दशकातील नियमांनी बांधलेले होते. आजचे नियम बरेच कडक आहेत, पण त्यांचा उपयोग रिंग बांधणाऱ्याच्या हातावर आणि त्यावर देखरेख करणाऱ्याच्या डोळ्यावर अवलंबून असतो.

आता नागपूरविषयी. भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २००२ च्या सुधारणेपासून देशाचे दुसरा ते पाचवा असे चार भूकंपप्रवण विभाग झाले. त्या नकाशात नागपूर सर्वांत सौम्य अशा दुसऱ्या विभागात आहे. या विभागाचा गुणांक, म्हणजे आराखड्यात भूकंपाचे बळ किती धरायचे ते ठरवणारा आकडा, ०.१० आहे, तर कच्छसारख्या पाचव्या विभागाचा ०.३६. शहराच्या पश्चिमेला बेसाल्ट आणि पूर्वेला नाईस खडक असल्याने बहुतेक ठिकाणी पाया कातळापर्यंत नेता येतो; कन्हानकाठच्या गाळाची गोष्ट वेगळी. तरीही नकाशा म्हणजे हमीपत्र नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी हादरली, तेव्हा ती त्या वेळच्या नकाशात सर्वांत निर्धोक मानल्या गेलेल्या विभागात होती.

माझ्या मते आपल्याकडे खांबापेक्षा बेअरिंगची चिंता आधी करावी. गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी आडवी तुळई, खांबाच्या डोक्यावर घट्ट जोडलेला असतोच असे नाही. पुष्कळ पुलांत तो रबर आणि पोलादाच्या थरांच्या बेअरिंगवर टेकलेला असतो. जोराचा धक्का बसला की तो सरकतो आणि टेकायची जागा अरुंद असेल तर खाली येतो. २६ जानेवारी २००१ च्या भुज भूकंपात सुरजबारीचा पूल पडला नाही, पण गर्डर जागचे हलले आणि बेअरिंगचे नुकसान झाले. हे टाळण्यासाठी टेकण्याची जागा रुंद ठेवतात आणि गर्डरला अडवणारे काँक्रीटचे ठोकळे बांधतात. मात्र पुलाच्या दोन भागांमधल्या सांध्यातून वर्षानुवर्षे पावसाचे पाणी झिरपून बेअरिंगभोवती माती साचली आणि रबर फुगून फाटले, तर आराखडा कितीही चांगला असला तरी काय उपयोग?

प्रश्न : नाग नदीवरच्या लहान पुलांना हेच नियम लागू होतात का? आणि धक्क्यानंतर पुलाचे नुकसान सामान्य माणसाला कसे ओळखता येईल?
— एक वाचक, महाल

उत्तर : सरसकट नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या विभागात ज्या पुलाचा गाळा (दोन आधारांमधले अंतर) १५ मीटरपेक्षा आणि एकूण लांबी ६० मीटरपेक्षा अधिक नाही, त्याला भारतीय रस्ते काँग्रेसच्या संहितेने भूकंपबळाच्या हिशेबातून सूट दिली आहे. नदीवरच्या अशा पुलांना भूकंपापेक्षा पुराने पायाखालची माती खरवडली जाण्याचा धोका मोठा असतो.

नुकसान ओळखण्यासाठी कठड्याच्या रेषेकडे दुरून पाहावे. सरळ रेषा सांध्यापाशी तुटलेली किंवा वर-खाली झालेली दिसली, तर गर्डर हलला असण्याचा संभव असतो. सांध्यावर नव्याने पडलेली पायरी, पूल आणि भराव जिथे मिळतात तिथे खचलेला रस्ता आणि खांबावर तिरपी गेलेली भेग याही खुणा आहेत. त्यांतली तिरपी भेग सर्वांत गंभीर. प्लास्टरच्या केसासारख्या उभ्या रेघा बहुधा जुन्याच असतात. खात्रीसाठी पुलाखाली जाऊन मान वर करून पाहत बसू नये. छायाचित्र दुरूनच काढावे, त्यात खांबावर रंगवलेला क्रमांक येईल असे पाहावे आणि ते महापालिकेच्या किंवा पुलाची देखभाल करणाऱ्या यंत्रणेच्या अभियंत्याकडे पाठवावे.