बिल्बाओत बचाव केला म्हणजे पोस्टेकोग्लूची शैली खोटी ठरली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : २१ मे २०२५ च्या बिल्बाओतल्या युरोपा लीग फायनलमध्ये मॅनेजर अँज पोस्टेकोग्लूच्या स्पर्सनं (लंडनचा टॉटनहॅम क्लब) मँचेस्टर युनायटेडला १–० हरवलं ते मागं बसून, बचाव करून. मग त्याआधी दोन वर्षं ‘आमचा अ‍ॅटॅकिंग फुटबॉल’ म्हणून जे मिरवलं ते थोतांड होतं का, आणि पोस्टेकोग्लूनंतरच्या मॅनेजरनं तेच चालू ठेवावं का?

थोतांड हा शब्द लागला, म्हणून लिहितोय. पुण्यात स्पर्सच्या बाजूनं बोलणाऱ्याला हे वाक्य ऐकावंच लागतं. फायनल आपल्याकडं २२ तारखेच्या पहाटे साडेबाराला सुरू झाली आणि संपल्या संपल्या ग्रुपवर पहिला मेसेज पडला तो ‘शेवटी अँजनं बस पार्क केलीच’, म्हणजे सगळी टीम गोलसमोर बचावाला उभी केलीच. तेव्हापासूनचा हा वाद आहे. माझं म्हणणं सरळ आहे. लाइन, म्हणजे बचावपटूंची मागची रांग, मैदानात कुठं उभी आहे, यावरून शैली ठरत नाही. चेंडू ज्याच्या पायाशी आहे त्याला मान वर करून बघायला वेळ मिळतो की नाही, यावरून ठरते. एवढं पटलं तर पोस्टेकोग्लूचं यशही कळतं आणि अपयशही.

आपल्याकडं हे पटवणं अवघड जातं, त्याचं एक कारण टर्फ आहे. बाणेर-वाकडपासून सिंहगड रोडपर्यंत आपण सगळे खेळतो ते पाच-पाच किंवा सात-सात जणांचं, आणि त्यात ऑफसाइड (समोरच्याच्या लाइनच्या पलीकडं आधीच जाऊन उभ्या असलेल्याला पास चालत नाही, हा नियम) नसतो. ऑफसाइड नसेल तर पुढं चढून उभं राहणं हा मूर्खपणाच आहे, एक जण गोलीसमोर जाऊन उभा राहतो आणि संपलं. ‘मागं थांबा रे कुणीतरी’ ही हाक तिथं शंभर टक्के बरोबर. तीच हाक १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाला लावली की चूक होते. तिथं लाइन वीस मीटर पुढं सरकवली की समोरच्याची खेळायची जागाच वीस मीटरनं आखडते. मागं मोकळं मैदान दिसतं खरं, पण नेमक्या क्षणी पळाल्याशिवाय तिथं कुणाला जाता येत नाही.

पोस्टेकोग्लूची मांडणी बघा. चेंडू आपल्याकडं असताना रोमेरो आणि वॅन डे वेन हे सेंटरबॅक (मधले बचावपटू) मागं दोघंच. पोरो आणि उडोजी हे फुलबॅक (कडेचे बचावपटू) कडेला न राहता आत, मिडफिल्डर बिसुमाच्या दोन बाजूंना. दोन्ही विंगर (कडेनं हल्ला करणारे) चुन्याच्या रेषेला चिकटून. मॅडिसन डावीकडून आतल्या पट्ट्यात. म्हणजे दोन, तीन आणि पाच. फुलबॅकना आत घेण्याचं कारण लोक सांगतात ते ‘मिडफिल्डमध्ये माणूस वाढतो’, पण ते अर्धंच कारण. उरलेलं अर्धं असं की चेंडू गेला त्या क्षणी मध्यभागी तिघं हजर असतात आणि चेंडू घेणाऱ्यावर लगेच झडप घालता येते. झडप बसली तर त्याची मान खाली जाते, आणि मान खाली असलेला माणूस पन्नास मीटरचा लॉब (लाइनवरून उंच टाकलेला लांब पास) मारू शकत नाही. मग लाइन कितीही वर असो, धोका नाही.

झडप चुकली तर मात्र दोन्ही कडा रिकाम्या, मागं दोघंच, आणि पास देणाऱ्याला सगळं मैदान दिसतंय. ट्रेनिंगमध्ये याला चेंडू ‘उघडा’ पडला असं म्हणतात. चेंडू उघडा दिसला की पास निघायच्या आधीच लाइननं अंग वळवून मागं सुटायचं आणि चेंडू झाकला की पुन्हा वर यायचं, हे कुठलाही कोच शिकवतो. स्पर्सची लाइन चेंडू उघडा असतानाही कित्येकदा वरच राहायची. त्यातून जे तरून गेलं ते वॅन डे वेनच्या पायांवर. जानेवारी २०२४ मध्ये ब्रेंटफर्डविरुद्ध त्याचा वेग ताशी ३७.३८ किलोमीटर नोंदला गेला. म्हणजे सेकंदाला १० मीटरहून जास्त. आता हिशेब करा. लाइनवरचा बचावपटू पुढं तोंड करून उभा, फॉरवर्ड आधीच पळत सुटलेला. वळण्यात अर्धा सेकंद गेला तर चार मीटर गेले. फॉरवर्ड सेकंदाला ९ मीटर पळतोय असं धरलं, तर वॅन डे वेन दर सेकंदाला साधारण १.४ मीटर परत मिळवतो. तीन सेकंदांत ते चार मीटर भरून निघतात. चाळीस-पन्नास मीटरचा लॉबही हवेत साधारण तेवढाच वेळ असतो. साध्या वेगाचा सेंटरबॅक तिथं ठेवला की हा हिशेब जुळत नाही.

आता तो सामना, ज्यावरून आधीपासूनचं भांडण आहे. ६ नोव्हेंबर २०२३, स्पर्स विरुद्ध चेल्सी, आपल्याकडं रात्रीचा दीड. त्याआधी लीगमध्ये दहा सामन्यांत आठ विजय, दोन बरोबरी, २६ गुण. सहाव्या मिनिटाला कुलुसेव्हस्कीचा गोल. मग सोनचा गोल ऑफसाइडमध्ये गेला. ३३ व्या मिनिटाला रोमेरोला लाल कार्ड, त्या पेनल्टीवर चेल्सीच्या पामरनं १–१ केलं. हाफटाइमच्या आधीच वॅन डे वेन हॅमस्ट्रिंग (मांडीमागचा स्नायू) धरून बसला आणि मॅडिसनचा घोटा गेला. ५५ व्या मिनिटाला उडोजीला दुसरं पिवळं कार्ड, तोही बाहेर. म्हणजे गोली धरून नऊ जण आणि मागच्या लाइनमध्ये डायर, एमर्सन आणि चक्क हॉयब्या, जो मुळात मिडफिल्डर. आणि ही लाइन उभी कुठं? सेंटर लाइनवर!

इथंच कोथरूडचे आमचे एक सन्मित्र आजही म्हणतात, ‘खाली बसायला काय झालं होतं?’ त्यांना माझं उत्तर आहे की ५५ ते ७५ ही वीस मिनिटं पुन्हा बघा, पण गोल बघू नका, चेल्सीचे पास बघा. पहिली दहा-बारा मिनिटं त्यांना काय करावं हेच कळत नव्हतं. एक तर ऑफसाइड, नाही तर लांब गेलेला पास, आणि स्पर्सचा गोली व्हिकारियो बॉक्सच्या बऱ्याच पुढं उभा राहून धावत येऊन चेंडू उडवतोय. नऊ जणांनी आपल्या बॉक्समध्ये बसायचं म्हणजे पस्तीस मिनिटं क्रॉस, कॉर्नर आणि उडालेल्या चेंडूंवर पहिला पाय कुणाचा याची लढाई. रोमेरो नाही, वॅन डे वेन नाही, तर ती कोण जिंकणार होतं? वर उभं राहून स्पर्सनं चेल्सीला एकच कठीण काम दिलं, लाइनच्या मागं वेळेवर सुटायचं, आणि ते करायला त्यांना ७५ वं मिनिट उजाडलं.

कसं जमलं तेही बघण्यासारखं आहे. ऑफसाइडच्या नियमात दोन खिडक्या आहेत. आपल्या अर्ध्या भागातून सुटणारा खेळाडू ऑफसाइड होत नाही. आणि पास दिला जाताना चेंडूच्या मागं असलेला खेळाडूही ऑफसाइड होत नाही. लाइन सेंटर लाइनवर असली की पहिली खिडकी सताड उघडते, मागून धावत येणाऱ्यानं आपल्या अर्ध्यातून सुटायचं, बस. चेल्सीनं दोन्ही वापरल्या. स्टर्लिंग मागं निसटला, गोलवर मारायच्या ऐवजी त्यानं चेंडू आडवा दिला आणि जॅक्सननं मोकळ्या गोलमध्ये ढकलला. १–२. त्यानंतरही नऊ जणांचा स्पर्स पुढं जात होता. डायरचा गोल ऑफसाइड ठरला, इंज्युरी टाइममध्ये सोनचा फटका चेल्सीचा गोली सान्चेझनं अडवला. तोही गेल्यावर मग ९४ आणि ९७ व्या मिनिटाला जॅक्सनचे आणखी दोन. ४–१ हा आकडा फसवा आहे. घरचे प्रेक्षक शेवटी उभं राहून टाळ्या वाजवत होते ते काही न कळणारे लोक नव्हते.

पण चूक होती, आणि ती सन्मित्र सांगतात त्या जागी नव्हती. आठ जणांत पुढं चेंडू झाकायला माणूस उरला नव्हता. सोन एकटा धावून धावून किती धावणार? चेंडू उघडा, पास देणारा आरामात मान वर करून उभा, आणि लाइन तरीही सेंटर लाइनवर. दहा-बारा मीटर खाली आले असते तर आपल्या अर्ध्यातून सुटायची खिडकी बंद झाली असती आणि व्हिकारियोसमोर तरीही मोकळी जागा राहिली असती. ‘वर की खाली’ असा तो प्रश्नच नव्हता. दहा-बारा मीटरचा होता.

आता बिल्बाओ. युनायटेडनं १६ फटके मारले, स्पर्सनं ३. चेंडू स्पर्सकडं पाव वेळेपेक्षा जेमतेम जास्त. ४२ व्या मिनिटाला डावीकडून सारचा क्रॉस, ब्रेनन जॉन्सन आत घुसलेला, युनायटेडच्या शॉच्या अंगाला लागून चेंडू रेषेपार. मग मागं बसले, शेवटी बचावपटू डान्सोला आणून मागं पाच केले. हे ‘शैली सोडली’ म्हणणाऱ्यांनी त्या रात्रीची टीमशीट एकदा वाचावी. मॅडिसन जखमी, कुलुसेव्हस्की जखमी, बर्गवाल जखमी. दाबाखाली चेंडू घेऊन वळू शकणारे तिघं तेच. मधे उरले सार, बिसुमा आणि बेन्टान्कूर, तिघंही पळणारे, चेंडू हिसकावणारे. या तिघांना घेऊन मागून पास खेळत बाहेर यायचा हट्ट धरला असता तर त्याला मी स्वतः वेडेपणा म्हटलं असतं. शिवाय त्या मोसमात युनायटेडला त्यांनी आधीच तीनदा हरवलं होतं, ओल्ड ट्रॅफर्डवर ३–० धरून. चेंडू युनायटेडच्या हातात दिला की ते अडतात, हे त्यांना ठाऊक होतं.

६८ व्या मिनिटाचा तो एक क्षण हळू करून बघा. व्हिकारियो बाहेर आलेला, युनायटेडच्या हॉयलंडचं डोकं लागून चेंडू रिकाम्या गोलकडं वळतोय आणि वॅन डे वेन पाठमोरा उडी मारून पाय वर फेकतो, चेंडू रेषेवरून बाहेर. दोन वर्षं मोकळ्या मैदानात मागं धावून जे काम तो करत होता, तेच काम, फक्त गोलरेषेवर. शैली बदलली असेल, तिचा आधार तोच माणूस होता.

आता काही गोष्टी कबूल केल्याच पाहिजेत. २०२४-२५ मध्ये लीगमध्ये २२ पराभव आणि १७ वा नंबर, याचं समर्थन मी करणार नाही. दुखापतींना सगळा दोष देणंही खरं नाही, कारण ज्या खेळात मागच्या दोघांना सामन्यात दहा-बारा वेळा पूर्ण वेगानं मागं धावावं लागतं त्यात हॅमस्ट्रिंग जातातच. व्हिकारियो, रोमेरो, वॅन डे वेन एकाच वेळी बाहेर असताना अठरा वर्षांचा आर्ची ग्रे, मूळचा मिडफिल्डर, सेंटरबॅकला उभा होता आणि लाइन तरीही तिथंच! डिसेंबर २०२४ मध्ये चेल्सीकडून २–० आघाडीवरून ३–४, लिव्हरपूलकडून ३–६. हा हट्ट होता, धाडस नव्हे. आणि कॉर्नर. एप्रिल २०२४ मध्ये आर्सेनलविरुद्धच्या २–३ मध्ये दोन गोल कॉर्नरवर खाल्ले. सहा यार्डच्या आत व्हिकारियोभोवती गर्दी केली की त्याला हात वर करायला जागा मिळत नाही हे सगळ्या लीगला दिसत होतं. त्याच्यापुढं एक धिप्पाड माणूस फक्त रस्ता मोकळा ठेवायला उभा करायचा असतो. इतका साधा उपाय वेळेवर झाला नाही.

पुढच्या मॅनेजरनं काय न्यावं, हा तुमचा दुसरा प्रश्न. फुलबॅक आत घेणं न्यावं, विंगरनं दूरच्या पोस्टला घुसणं न्यावं. लाइनची उंची माणसं बघून ठरवावी. याहून जास्त सांगता येणार नाही, कारण ते सगळं वॅन डे वेन किती सामने उभा राहतो यावर आहे.

आणि पुढचा सामना बघताना एक करा. कॅमेरा चेंडूवर असतो, तुम्ही पास देणाऱ्याची मान बघा. मान वर दिसली की लगेच नजर मागच्या लाइनवर न्या. तिचे खांदे गोलकडं वळलेत का ते बघा. चेंडू अजून पायाशी असतानाच तुम्हाला कळेल की गोल पडणार आहे. आमच्या सन्मित्रांनाही मी त्या वीस मिनिटांत हेच बघायला सांगितलंय. ते अजून आकडाच दाखवतात, ४–१.